जमुनाआयची बोहनी

सातपाटीत जमुनाआयला कुणी विचारलं, "मुलं किती?" की ती दारातल्या पोरांच्या घोळक्याकडे बोट दाखवायची. त्यातलं तिचं एकही नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा लहानपणीच खाडीत बुडाला, तेव्हा ती पालघरच्या बाजारात मासळी विकत बसली होती. तिनं टोपली कायमची टाकली आणि बाजाराला जाणाऱ्या बायकांची पोरं राखायला घेतली. बाई मोठी कडक. पोरगं पाण्याकडे वळलं की तिचा आवाज अख्ख्या आळीत घुमायचा. आम्ही थोरसुद्धा दचकायचो.

पैसे मात्र ती घेत नसे. संध्याकाळी परतलेली बाई टोपलीतली उरलीसुरली मासळी तिच्या सुपात टाकी, तेवढंच. कुणी नाणं पुढं केलं की अंगावर येई. "माज्या पोराला राखाया कोन नव्हता, म्हून राखते मी. त्याचं पैसं घेऊ?" 

पुढं तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं आणि बोईसरला मासळीचं गिऱ्हाईक वाढलं. सुगंधा ही आमच्या आळीतली तरणी विधवा. दोन वर्षांच्या चिमीला जमुनाआयकडे ठेवून ती बोईसरला जाऊ लागली. तिचीच काय, सगळ्याच बायकांची टोपली आता रिकामी होऊनच परत यायची. सुगंधाचं बरं चाललं आणि जमुनाआयचं सूप कोरडं पडलं. एकदा सुगंधा लवकर परतली, तर चिमीच्या पुढ्यात भात-बोंबील, आणि म्हातारी नुसती पेज पीत बसलेली. सुगंधाला रडूच कोसळलं.

त्याच सुमारास बायकांच्या मासळी सोसायटीनं ठरवलं, की कामावर जाणारी बाई मूल किंवा घरातलं अंथरुणावरचं माणूस सांभाळायला कुणाला पैसे देत असेल, तर त्यातला निम्मा खर्च सोसायटी भरून देईल. सांभाळणारं माणूस घरचं नको, आणि त्यानं स्वतः येऊन "पैसे घेते" असं सांगायचं. कागदावर सगळं सोपंच असतं म्हणा.

सुगंधानं म्हातारीला गाठलं. "आये, आता पैसं घे. निम्मं सोसायटी देईल. तुज्या ताटातलं माजी पोर खाते, मना बगवत नाय. नाय घेतलंस तर चिमीला माहेरी धाडते."  म्हातारी सोसायटीत यायला कशीबशी तयार झाली.

ठरल्या दिवशी आम्ही बायका सोसायटीच्या ओटीवर रांगेत बसलो होतो. सुगंधाच्या हातात चिमीच्या कपड्यांचं गाठोडं होतं. कामकाज पाहणारे शेजारच्या माहीमचे नरहरीभाऊ सज्जन माणूस. त्यांनी हळूच विचारलं, "जमुनाबाई, मुलीला सांभाळायचे पैसे घेता ना?"

"नाय!" म्हातारी ताठ मानेनं म्हणाली. जन्मभराची सवय, दुसरं काय! मागं कुणीतरी फिदीफिदी हसली. मला असा राग आला, की तिची वेणीच ओढावी.

"मग हा अर्ज मला मंजूर करता येत नाही," नरहरीभाऊ म्हणाले. त्यांनाही ते जड गेलं.

सुगंधानं डोळे पुसले. "चल चिमे, आजीकडं जाऊ." चिमीनं जमुनाआयच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला आणि भोकाड पसरलं. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. आधी एक गेलं होतं, आता हेही जायला निघालं होतं.

"थांब," ती म्हणाली. तिनं सुगंधापुढं हात पसरला. "दे पैसा. हितंच दे, सगल्यांच्या समोर."

सुगंधानं कमरेची पिशवी सोडून एक नाणं तिच्या हातावर ठेवलं. बाजारात बोहनीचे, म्हणजे पहिल्या विक्रीचे पैसे आम्ही कपाळाला लावतो, तसं जमुनाआयनं ते कपाळाला लावलं.  "घेतला. लिवा, भाऊ."

नरहरीभाऊंनी लिहून घेतलं. आता फिदीफिदी करणारी कुठं गेली कोण जाणे!

म्हातारीनं मग ते नाणं चिमीवरून ओवाळलं आणि एका चिंधीत गुंडाळून तिच्या करगोट्याला बांधलं.

"आये, तो पैसा तुजा हाय ना?" सुगंधानं विचारलं.

"बोनी हाय ही. पैली बोनी लेकराची," जमुनाआय म्हणाली. "उद्याचा मना दे. त्यात मी जेवीन."

आणि सुगंधाच्या हातातलं गाठोडं काढून घेऊन, चिमीला कडेवर घेऊन, ती घराकडे निघाली.