लसूण सोलणारे व्यवस्थापक

सांगलीबाहेरच्या त्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक कायम लसूण सोलत बसलेले असत. आईचं विसरणं वाढलं तसा मी साताऱ्याहून तिथं तीनदा जाऊन आलो. संडास तपासले, गाद्या दाबून पाहिल्या, टीव्ही रंगीत आहे का तेही विचारलं. मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या मामासारखा माझा रुबाब! ते मान वर न करता म्हणायचे, "बघा की. निवांत बघा."

चौथ्या खेपेला आईला सोबत नेलं. तिचं माहेर जतकडचं, कर्नाटकच्या सीमेवरचं. मराठी विसरून वर्षभर ती कन्नडच बोलत होती. मला कन्नड येत नाही, म्हणून 'नुसती बडबडते' असं डॉक्टरांना सांगून मी मोकळा झालो होतो.

व्यवस्थापकांनी पहिल्यांदाच लसूण खाली ठेवला आणि कन्नडमध्ये तिची विचारपूस केली. आई घडाघडा बोलत सुटली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"तुमच्याबद्दलच बोलत्यात. म्हणत्यात, माणूस गरीब हाय बिचारा, पण किती बी सांगा, एक अक्षर कळत न्हाई त्याला. घरी लय हाल हुत्यात त्याचं. इथं ठेवून घ्या."

मग त्यांनी हात पुसून रजिस्टर उघडलं.

"बोला, नाव कुणाचं लिहू?"