फ्यूजच्या जागी चांदी

रविवारी सकाळी आमचे हे जुन्या मोटारीचा बंपर घासत होते. संध्याकाळी पुतणीची वरात त्याच गाडीतून निघायची होती. खाली पडलेली किल्ली शोधायला मी डॅशबोर्डखाली वाकले, तर फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली.

"अहो, हे काय?"

"फ्यूज सारखा उडत होता. आता महिनाभरात एकदाही उडला नाही!" हे अभिमानाने म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. आत वायर तापतेय, एवढंच तो बिचारा फ्यूज जीव देऊन सांगत होता, आणि यांनी त्याचं तोंडच बंद केलं. दुखणं राहिलं तरी चालतं, कण्हणं थांबलं की घराला बरं वाटतं. मीसुद्धा कितीदा 'जाऊ दे' म्हणून गप्प बसले आहे.

या वेळी नाही बसले. "ही गाडी वरातीला नको," म्हणत पान्याने बॅटरीची वायर सोडवली आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने डॅशबोर्डमागून ओढलेल्या वायरचं प्लास्टिक पार वितळलं होतं.

ती बघून यांनी पुतणीला फोन लावला. "बाळा, वरातीला दुसरी गाडी सांगू. काकू म्हणते ते बरोबर आहे."

हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही दुसऱ्याला सांगितलेलं.