बाबांचा उंडा

आमच्या घरातल्या काटकसरीत माझ्या वडिलांचा बळी जाता जाता राहिला.

मी ज्या कारखान्यात हिशेब बघायचो, तो बंद पडला. दुसऱ्यांचे हिशेब बघणारा माणूस रिकामा झाला की घरच्यांच्या जिवावर उठतो. मी पंखे बंद केले. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी कापली. बाबांना नोकरीचं काही सांगितलं नव्हतं. धीरच झाला नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि कोरगावच्या तिठ्यावर बसून तो खायचो. (डबा घरचाच. बाहेरचं परवडत नव्हतं!)

मग माझी नजर पोदेरावर गेली. पोदेर म्हणजे सकाळी सायकलवरून हॉर्न वाजवत दारोदार पाव घालणारा. आई गेल्यापासून बाबांचं जेवण नावापुरतं उरलं होतं. पण हॉर्न वाजला की ते स्वतः उठून फाटकापर्यंत जायचे, गरम उंडा, म्हणजे गोल कडक पाव, घ्यायचे आणि चहात बुडवून सगळा संपवायचे. त्यावरच त्यांची गोळी चालायची. उपाशीपोटी ती घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला हे ठाऊक होतं. तरीही म्हापशाच्या एका बेकरीत शिळे उंडे निम्म्या भावात मिळतात, हे कळल्यावर माझी मती फिरली!

पिशवीभर उंडे आणून फ्रीजरमध्ये कोंबले आणि पोदेराला म्हटलं, "आमच्या दारार हॉर्न वाजव नको रे. बाबांची झोप मोडता."

तो बिचारा इतका भला, की त्याने अख्ख्या वाड्यावर, सगळ्या आळीत, हॉर्न बंद केला! तो कधी येतो आणि कधी जातो, कोणालाच कळेना. वाडा बिनपावाचा चहा पिऊन करवादू लागला.

बाबा कप घेऊन पायरीवर बसले ते बसलेच.

"पोदेर खंय रवलो?"

"तो आता येना, बाबा. हो घ्या उंडो. तसोच आसा."

बाबांनी उंडा बोटाने दाबून बघितला. "हो पोदेराचो न्हय," म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

दुसऱ्या सकाळीही तेच. सुनीता, माझी बायको, स्वयंपाकघरातून तणतणत आली. "अहो, बाबांनी गोळी घेवक ना! पोटात कायच ना त्यांच्या. आग लागो तुमच्या काटकसरीक!"

मी घाबरलो. शहाण्या माणसाने पोदेराला परत बोलावलं असतं. मी पेडण्याला जाऊन हॉर्न विकत आणला!

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी डोक्याला टॉवेल गुंडाळला, जुन्या सायकलला शिळ्या उंड्यांची पिशवी अडकवली आणि फणसाआडून हॉर्न दाबला. बाबा तर उठलेच. पण सगळा वाडाही उठला! जो तो पिशवी घेऊन धावत सुटला. सगळ्यात पुढे शेजारची काकी.

"इलो गे बाय एकदाचो! खंय होतस रे इतके दीस?" म्हणत तिने पिशवी माझ्या नाकाखाली धरली आणि मग नाक निरखून पाहिलं. "अगो! हो तर आमचो उमेश! काम गेलां म्हणान पाव विकतस रे? तिठ्यार बसान डबो खातस, तो मी बघल्लंय!"

काकीचा आवाज असा, की तिला हॉर्नची गरज नाही. फाटकात कप घेऊन बाबा उभे होते. धरणी दुभंगावी आणि सायकलसकट मला पोटात घ्यावं, असं वाटलं.

"माका म्हायत आसा," बाबा शांतपणे म्हणाले. "तुझ्या कारखान्याचो भोंगो कधीचो बंद जालो. माझे कान शाबूत आसत. तू सांगलं नाय, म्हणान मी विचारलं नाय." मग हात पुढे केला. "दी तो उंडो."

बाबा पायरीवर बसले, उंडा चहात बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "तू पण खा. तिठ्यार एकटो बसान खाव नको." मला रडू आवरेना. बाबांनी उंडा संपवला, गोळी घेतली.

बाबांना दात नाहीत. ते बुडवून गिळतात. मी मात्र भावनेच्या भरात कोरडाच उंडा कचकन चावला आणि माझी दाढ उभी चिरली.

दंतवैद्याचं बिल सुनीताने शांतपणे वाचलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली,

"ह्या पैशांत पोदेराची सायकल गावली असती. पावासकट!"