हळद लागलेला मासा

मी दहावीत असताना बाबांची कंबर गेली आणि दुसऱ्याच्या बोटीवरचं त्यांचं काम सुटलं. तेव्हापासून अर्नाळ्याच्या बंदरावरून मासळी घेऊन आई विरारला इमारतींतून विकत फिरायची. डोक्यावर पाटी, आणि चौथ्या मजल्यापर्यंत जिने. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की घरात दोन्ही वेळा सुकट आणि भात. एवढ्यातही तिने मला पाटीला कधी हात लावू दिला नाही. "तू शिक. हा वास माझ्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणायची.

मी शिकले. बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली. वर्षभर एका ऑफिसात बसले. मन रमेना, म्हणून मुंबईतल्या एका हॉटेलच्या जपानी किचनमध्ये लागले. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसलं नाही. आईला दिसलं. सुशी म्हणजे भाताबरोबर कच्चा मासा, आणि तोच कापायला मी शिकणार, हे कळल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. आळीत तिने सांगून ठेवलं की मुलगी हॉटेलच्या ऑफिसात आहे. मी ते सहा वर्षं चालू दिलं.

मग आळीत कुणाच्या तरी मोबाइलवर माझा टोपी-ॲप्रनमधला फोटो आला आणि महिला मंडळाने मला सुशी शिकवायला बोलावलं. आई म्हणाली, जाऊ नको. मी म्हटलं, जाणार, आणि तूही यायचं.

समाजमंदिरात पंधरा-वीस बाया जमल्या. बोटीवरचा मासा मी मुद्दाम घेतला नव्हता. कच्चा खायचा तर तो आधी कडक गोठवलेला लागतो. हॉटेलला जिथून येतो तिथूनच सॅल्मन आणला होता, बर्फाच्या पेटीत. मी कोपऱ्यात भाताला व्हिनेगर लावून वारा घालत होते. एक मावशी म्हणाली, "कालिजात जाऊन भाताला पंखा घालायला शिकली गो." सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

वळून पाहिलं तर आईने पेटीतला मोठा तुकडा काढून नळाखाली खळखळून धुतला होता आणि त्याला मीठ-हळद चोळत होती. मासा समोर आला की आमच्याकडे हात तेच करतात. बिचारी माझ्या मदतीलाच आली होती. पण तो तुकडा आता सुशीच्या कामाचा राहिला नव्हता.

"आई, याला पाणी लावायचं नसतं," मी म्हटलं.

तिचे पिवळे हात तसेच थांबले. सहा वर्षांत तिने काही विचारलं नव्हतं आणि मी काही सांगितलं नव्हतं. दोष दोघींचा.

पेटीत एक छोटा तुकडा उरला होता. तो फळीवर ठेवून मी सुरी काढली. आई विळी पायाखाली धरते आणि मासा पात्यावर ओढते. इथे मासा जागचा हलत नाही. सुरी एकदाच मागे ओढायची, पुन्हा घासायची नाही. मी सात-आठ काप काढले. आई उठून जवळ आली. एक काप तिने बोटावर घेऊन उजेडात धरला, त्याची कड पाहिली. कड तिला कळते. बंदरावर तिच्याइतकं साफ कुणी कापत नाही.

"किती दिस लागले शिकाया?"

"दोन वर्षं नुसता भात. मासा तिसऱ्या वर्षी हातात दिला."

"नि मी म्हनत होते, कापाया काय लागतं."

मग ती बायांकडे वळली. "ऑफिसात नाय ती. मासे कापते. या, बघून घ्या कशी कापते ती."

हळदीचा मासा तिने तव्यावर भाजला आणि अर्ध्या जणींनी भाताच्या रोलमध्ये तोच भरला. कच्चा तिने खाल्ला नाही, अजूनही खात नाही.

गेल्या वर्षी मी त्या किचनची मुख्य शेफ झाले. आळीत ते आईनेच सांगितलं.