फूटपट्टीने काढलेली आई

माझ्या चित्रकलेच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणी चित्र काढत नाही. पहिला दिवस शब्दांचा. रेषा, आकार, प्रमाण, छाया, प्रकाश. वस्तू समोर ठेवून काढतात ते स्थिरचित्र, समोर नसताना आठवून काढतात ते स्मरणचित्र. महाराष्ट्रातल्या शाळेत आम्ही हे शब्द घोकले, म्हणून इथे उत्तरेत, तेलीबागेत माझ्या घरी जमणाऱ्या मराठी पोरांनीही ते घोकायचे, असा माझा हट्ट. पोरांना मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. "काकू, ड्रॉइंग में भी रट्टा मारना पड़ेगा?" एकीने विचारलं होतं. मी म्हटलं, "हो, मारावाच लागेल." मी खडूस बाई आहे हे इथल्या सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक आहे.

गेल्या वर्षी या वर्गात एक नवा विद्यार्थी आला. माझा नवरा. रेल्वेत इंजिनियर, जन्मभर पुलांची ड्रॉइंग्ज तपासून निवृत्त झालेला.

कारण होतं सासूबाईंचं. त्यांचं वर्षश्राद्ध तीन महिन्यांवर आलं होतं आणि घरात त्यांचा एक धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की त्या तोंडावर पदर घ्यायच्या, नाहीतर सरळ उठून आत जायच्या. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला, तर त्यात त्या पोलिसांनी पकडून आणल्यासारख्या दिसत होत्या. नवऱ्याने तो दोन दिवसांत भिंतीवरून उतरवला. "हिला मी हार घालणार नाही," म्हणाला. "तू काढ आईचं चित्र."

मी काढलं. आठ दिवस खपून काढलं. नाक, हनुवटी, कपाळावरचं गोंदण, सगळं जिथल्या तिथे. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आईच आहे. पण रागावलेली आहे."

"मग? अशाच दिसायच्या त्या."

"तुला," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं त्या आमच्याकडे होत्या आणि बारा वर्षं मी ओट्याशी त्यांच्या शेजारी उभी राहिले. मीठ आत्ताच का घातलंस, गॅस एवढा मोठा कशाला, कणीक अशी मळतात का. माझ्या वाट्याला जो चेहरा आला तोच मी काढणार ना? "मग तुम्हीच काढा," म्हटलं, आणि कोरा कागद त्याच्यापुढे आपटला.

त्याने ते मनावर घेतलं. हजरतगंजच्या बाजारातून वही आणि पेन्सिली आणल्या आणि रविवारी पोरांच्या रांगेत सतरंजीवर येऊन बसला. शब्द नीट लिहून घेतले, प्रत्येकाखाली रेघ मारून. हात मात्र वळेना. "अंकल, आपका सेब तो पिचक गया," शेजारची मुलगी म्हणाली. तो हळूच खिशातून फूटपट्टी काढायचा आणि मी ओरडायचे, "फूटपट्टी नाही! मोकळ्या हाताने!" तो निमूट ती परत ठेवायचा.

सफरचंद जमलं, तांब्या जमला. चेहऱ्यापाशी गाडी अडली. कपाळ काढायचा, डोळ्यांपाशी थांबायचा, खोडायचा. कागद फाटेपर्यंत खोडायचा. एका रविवारी पोरं गेल्यावरही तो तसाच बसून होता. मी चहा पुढे ठेवला तर म्हणाला, "मला आईचे डोळे आठवत नाहीत गं. अजून वर्षसुद्धा झालं नाही."

साठी उलटलेला माणूस, पण घाबरला होता. माझा सगळा राग ओसरला. कप त्याच्या हाताशी सरकवून म्हटलं, "गार होतोय, घ्या."

पुढचे दोन रविवार तो वर्गाला आला नाही. वर्षश्राद्धाच्या चार दिवस आधी त्याने एक मोठा कागद माझ्या हातात दिला. फूटपट्टी, कंपास, सगळं बिनदिक्कत वापरलेलं. जेवणाच्या टेबलावरून दिसतं तसं आमचं स्वयंपाकघर होतं. खिडकी, मसाल्याच्या डब्यांची फळी, ओट्याची उंची मापासकट. आणि ओट्याशी दोन बायका, पाठमोऱ्या. एक उंच, एक ठेंगणी. ठेंगणीचा अंबाडा सैल, पदर कमरेला खोचलेला.

"चेहरा कुठाय?" मी विचारलं.

"मी नीट पाहिलाच नाही यार कधी," तो म्हणाला. "ऑफिसातून यायचो, टेबलाशी बसायचो, जेवायचो. तुम्ही दोघी तिथे असायच्यात. मला आई एवढीच आठवते."

छायाप्रकाशाचा पत्ता नव्हता, रेषा काठीसारख्या ताठ. कुणा पोराने असं चित्र दिलं असतं तर मी परत काढायला लावलं असतं. फक्त ठेंगणीची मान उंच बाईकडे वळलेली होती. मी सवयीने म्हटलं, "ही मान चुकली."

"नाही चुकली. ती सारखी तुझ्याशीच बोलत असायची. माझ्याशी एवढं कधी बोलली नाही."

मी कागद नेला आणि ओळखपत्रावरचा फोटो होता त्या जागी भिंतीवर लावला.

वर्षश्राद्धाला माझी नणंद आली. अमौसी विमानतळावरून घरी पोहोचली ती बॅग खाली ठेवून आधी चित्रापाशी. "आईचा अंबाडा," म्हणाली आणि रडायला लागली. मग डोळे पुसून हार घालायला पुढे झाली आणि तिचे हात मध्येच थांबले. "दादा, अरे, हा हार तर वहिनीलाही पडेल."

खरंच की. हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जिवंत माणसाच्या चित्राला हार! नवरा गोरामोरा झाला. "थांब, मी मधून कापतो," म्हणत तो कात्री घेऊन आला. कागदावर फूटपट्टी टेकवून दोघींच्या मधोमध रेघ मारायला लागला.

मी फूटपट्टीवर हात ठेवला. "कापू नका," म्हटलं. "हार नको घालायला. एक फूल त्यांच्या बाजूला ठेवा. मी आहे तिथेच उभी राहते."