खिळा आधी काढायचा नाही

माझी आत्या सायकलचं पंक्चर काढते. एकवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं धंदा तिच्या नवऱ्याचा असणार, ते गेल्यावर हिने चालवला. तसं काही नाही. ते बँकेत शिपाई होते आणि त्यांना सायकल चालवायलाच येत नव्हतं. धंदा हिनेच काढला.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. आत उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून ती बसूनच काम करते आणि बोलायचं तर गिऱ्हाईकाला वाकावं लागतं. तिला ते आवडतं. ट्यूब ती ओठांजवळून फिरवते. ओठाला हवा लागली की तिथे खडूने फुली मारते. पाण्याचं घमेलं फक्त दाखवायला, कारण बुडबुडे बघितल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. आणि टायरमध्ये खिळा दिसला की पहिलं काम तो उपटून डब्यात टाकायचा. बाकीचं नंतर.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. आत्या बोलत होती. शिव्याच देत होती, पण बोलत होती.

आता मी रक्ताचे नमुने पोचवते. दवाखान्यांतून घ्यायचे आणि लॅबमध्ये द्यायचे, सायकलवर. आम्ही अकरा जण आहोत. आत्याचं दुकान आमच्या अकरा सायकलींवरच चालायचं, कारण त्या रस्त्याला बाकी सगळ्यांकडे स्कूटर आल्या. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. दोन वर्षं तो मागे लागला होता, बंद कर, माझ्याकडे ये. सुनेशी भांडण नाही, काही नाही. पण आत्या म्हणायची, "तिथे दिवसभर काय करू? खिडकीतून बघू?" शेवटी तिने त्याला शब्द दिला, काम संपलं की येते.

आणि लॅबने नव्या सायकली घेतल्या. ट्यूबलेस.

लॅबचे साहेब म्हणाले, "पंक्चर आता शोरूममध्ये."

मी म्हटलं, "आत्या करेल."

"त्यांना येतं?"

"येतं."

येत नव्हतं. मी खोटं बोलले आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पहिलं पंक्चर माझंच झालं. मागच्या चाकात जाड खिळा. मी आत्यासमोर सायकल उभी केली आणि काही सांगायच्या आत तिने पकडीने खिळा उपटला. आतून भोक बुजवायला भरलेलं पांढरं लिक्विड उडालं, तिच्या चष्म्यावर, भिंतीवर, माझ्या पँटवर. टायर बसला.

"हे काय दूध निघालं?" ती म्हणाली आणि सवयीने टायर रिमवरून उचकटला. उरलेलं लिक्विड तिच्या मांडीवर. तिने आत हात घातला. ट्यूब शोधत होती.

"अगं आत्या, ट्यूबलेस आहे."

"मग आत काय आहे?"

"काही नाही. हवा."

टायर परत बसवला, पण हवा भरेना. पंप मारला की दोन्ही कडांनी बाहेर. अर्धा तास मारला. मग आम्ही सायकल ढकलत शोरूममध्ये नेली. तिथल्या चष्मेवाल्या मेकॅनिकने मशीनने एकदम हवा सोडली, टायरच्या कडा टप्पदिशी रिमला बसल्या. भोकात चिकट रबरी दोरीचा तुकडा खुपसला. दोन मिनिटं.

"काकू, खिळा आधी काढायचा नसतो," तो म्हणाला. "आधी दोरी तयार ठेवायची. तुम्ही ट्यूबच करा ना, तेही लागतं अजून."

आत्याने लिक्विडची बाटली, दोऱ्यांचं पाकीट आणि एक टाकाऊ ट्यूबलेस चाक घेतलं आणि निघाली.

पुढचे आठ दिवस तिने एकाच टायरचा जीव घेतला. स्वतः खिळे ठोकायची, स्वतः काढायची. खिळा तसाच ठेवून चाक असं फिरवायचं की भोक खाली येईल आणि लिक्विड तिथे जमेल. मग एका हाताने खिळा, दुसऱ्या हाताने लगेच दोरी. मशीन तिच्याकडे नव्हतं. तिने टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावलं, भोवती जुनी ट्यूब करकचून बांधली म्हणजे कडा रिमला दाबल्या जातील, हवा भसकन आत जावी म्हणून व्हॉल्व्हमधली पिन काढली आणि पायाच्या पंपावर नाचली म्हणा ना. नवव्या दिवशी टप्प झालं. ती म्हणाली, "हं." एवढंच.

मग आमची पोरं यायला लागली. सहा पंक्चर काढली, एकही परत आलं नाही. साहेबांच्या कानावर गेलं आणि ते स्वतःची सायकल घेऊन बघायला आले. वाकले.

आत्याने चाक फिरवलं आणि मान हलवली. "भोक रस्त्याला टेकतं तिथे नाही, बाजूला आहे. चीर आहे ही. इथे दोरी टिकत नाही. टायर बदला."

"शोरूमवाल्याने दोनदा लावली की."

"म्हणूनच तिसऱ्यांदा आलात."

"तुमची भाची तर म्हणाली होती, सगळं येतं."

"तिचं काय घेऊन बसलात, तिला नववीतपण सगळं येत होतं."

मी मागून डोळे वटारत होते. लाव ना बाई एक दोरी, काम हातात राहू दे. तिने बघितलंच नाही. जुन्या टायरचा तुकडा कापला, चिरेच्या आतून बसवला, वर साधी ट्यूब घातली आणि हवा भरली. "शोरूमपर्यंत जाईल. हळू चालवा. तिथे नवीन टायर घाला, माझ्याकडे टायर नसतात."

साहेब गेल्यावर मी भांडले. "हातातलं काम तू शोरूमच्या दारात नेऊन ठेवलंस."

"उतारावर रक्ताच्या बाटल्या घेऊन कोण जातं?"

"मी."

"मग लावू का दोरी?"

मी सायकलवर टांग टाकली. पण राग होता.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी लॅबमध्ये कागद लागला: टायर शोरूममध्ये, पंक्चर जिन्याखाली काकूंकडे. 

दुपारी तिच्या मुलाचा फोन आला. "आई, काय ठरलं?"

"चाक हातात आहे. संध्याकाळी कर."

संध्याकाळी त्याने केला. काम आहे, येत नाही, असं तिने सरळ सांगितलं. तो चिडला. अजून चिडलेलाच आहे.