विहीर एकाची, पंप दुसऱ्याचा

धुळ्याच्या जिल्हा परिषदेत मी बदलीच्या कामासाठी बाकावर बसलो होतो. शेजारी नरडाण्याकडच्या एका गावच्या अक्का होत्या. गावचा पंप जळाला होता आणि बायका लांबच्या मळ्यातून पाणी आणत होत्या. पाणीपुरवठ्याचे साहेब त्यांना म्हणाले, "विहीर लघुपाटबंधारेची आहे, तिकडे विचारा." समोरच्या खोलीतले लघुपाटबंधारेचे साहेब म्हणाले, "पंप त्यांचा, आमचा संबंध नाही."

अक्का चिडल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला, पहिल्या साहेबांचं मनगट धरलं आणि व्याह्याला पंगतीला न्यावं तसं त्यांना व्हरांड्यापलीकडे नेऊन दुसऱ्या साहेबांसमोर बसवलं.

मग पहिल्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "इहीर त्यास्नी, पंप तुमना, मंग तहान कोनी शे, भाऊ? आते दोन्ही बोला. मी आठेच बठेल शे." आणि त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

दोघे आधी ओशाळून हसले, मग खरोखर बोलू लागले. खोटं दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. आपापल्या खोलीत दोघंही बरोबर होते, फक्त गावात पाणी नव्हतं.

दुपारी दुसरा पंप घेऊन जीप निघाली. अक्का कुणाला न विचारता ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या.

"जीप अर्धी वाटमाईन परत फिराले नको," त्या मला म्हणाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.